रुमालाखालचा सौदा

पेवात उतरणाऱ्याचा जीव वर दोर धरणाऱ्याच्या हातात असतो, आणि रमजान हमालाचा दोर आजवर केरबानंच धरला होता. सांगलीजवळ हरिपुरात नदीकाठच्या जमिनीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवायची, तोंड लिंपून टाकायचं आणि भाव आला की उघडायचं, अशी तिथली रीत. या खड्ड्यालाच पेव म्हणतात. बंद पेवात हवा मरते, म्हणून उघडल्यावर आधी कंदील सोडून बघायचा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण भाव चढला की अडत्यांना कंदील दिसत नाही.

गेल्या साली असाच भाव चढला आणि रमजानचा धाकटा भाऊ जाफर पेवातच गेला. त्याला वर ओढताना केरबाच्या तळहातांची सालटी निघाली होती. माती देऊन परतताना तोच म्हणाला, "रमजान, पेव उघडलं की एक रात मोकळं ऱ्हायलाच पायजे. ही अट कबूल करून घेतल्याबिगर मी गप बसणार न्हाई." रमजान त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होता. सख्ख्या भावापेक्षा जास्त विश्वास त्यानं या माणसावर टाकला.

त्या अटीपायी हमालांची संघटना उभी राहिली. साताऱ्याहून भाऊसो मास्तर यायचे आणि संध्याकाळी चिंचेखाली बसून समजावायचे. जगात वर्ग दोनच, एक मालकांचा आणि एक राबणाऱ्यांचा. रमजानला वर्ग म्हणजे शाळेतला तेवढाच ठाऊक. त्यानं भाबडेपणानं विचारलं, "मास्तर, मग आमी वरच्या वर्गात कवा जायाचं?" सगळे हसून लोळले. घरी त्यानं ते सांगितलं, तर त्याची बायको मेहरुनबी भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यात काय चुकलं? वर्गात बसलं की मानूस वरच्या वर्गात जातोच की."

मास्तर आणखी एक सांगायचे. "मालक वाईट म्हणून तसा वागतो असं नाही. त्या गादीवर जो बसेल तो तसाच वागेल. कचेरीतल्या खुर्चीचंही तेच. खुर्चीला माणूस दिसत नाही, नियम दिसतो." केरबाला हे इतकं पटलं की तो येताजाता ऐकवायचा. चार बुकं शिकलेला म्हणून संघटनेचा चिटणीस त्यालाच केलं. नाव रमजाननंच सुचवलं होतं.

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात संप झाला. मागण्या दोनच होत्या, मजुरीत वाढ आणि रातभर मोकळं पेव. मास्तर तेव्हा साताऱ्यात होते. घराघरांतली चूल एका वेळेवर आली, पण कुणी पेवाला हात लावला नाही. जाफरची बायको चांदबी आणि तिची पोरं रमजानच्याच ताटात जेवत होती, तरी तो हटला नाही. शेवटी पेवांचे मालक असलेल्या शेठजींनी हमालांना वखारीत बोलावलं. केरबाला त्यांनी "या, बसा" म्हणत गादीवर आपल्या शेजारी जागा दिली. केरबा बसला. मग शेठजींनी खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला.

हळदीचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो, भाव तिसऱ्याला कळत नाही. पण तिथं बोलता येतो तो नुसता आकडा. पेव रातभर मोकळं ठेवा, हे सांगायला कुठलंच बोट नसतं. "केरबा, तोंडानं बोल," रमजान मागून म्हणाला. केरबाची मान जरा वळली, पण हात रुमालाबाहेर आला नाही.

मजुरी वाढली. संघटनेला वखारीतली एक खोली मिळाली, तिच्यात टेबल आलं, खुर्ची आली. चिटणिसाची हमाली सुटली आणि त्याला शेठजींकडून पगार सुरू झाला. लोकांनी केरबाला खांद्यावर घेऊन गावभर नाचवला. दुसऱ्या दिवशी रमजान त्या खोलीत गेला.

"आन रातीचं काय झालं?"

"त्यो मुद्दा पुढच्या बैठकीत," केरबा म्हणाला. "ह्ये बग, माज्या एकट्याच्या हातात काय न्हाई. ठराव समद्यांचा हाय. तुजी तक्रार आसंल तर अर्ज दे."

जाफरच्या जिवासाठी अर्ज. रमजानला त्याचं तोंड फोडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी गळ्यात पडून विचारावंसंही वाटलं की तू हे कसं केलंस. दोन्ही न करता तो बाहेर आला.

आठवड्याभरात पेव उघडलं. रमजाननं कंदील सोडला. तो विझला नाही, पण ज्योत बारीक होऊन थरथरू लागली. गाड्या जुंपून तयार होत्या. केरबा धुवट सदरा घालून आला होता.

"आज र्‍हाऊ दे," रमजान म्हणाला. "उद्या उतरतो."

"करारात थांबायचं कलम न्हाई. काम आडवलंस तर संघटनेतनं नाव काढावं लागंल. माजा नाइलाज हाय."

"मग तू उतर. दोर मी धरतो."

"मी चिटणीस हाय. मला कसं उतरता यील?"

हे बोलताना त्याला काही वावगं वाटलं नाही, हेच रमजानला जास्त लागलं. चांदबीची पोरं त्याच्या डोळ्यांपुढं आली. त्यानं कंबरेला दोर बांधला. केरबानं जुन्या सवयीनं दुसरं टोक उचललं आणि मनगटाला वेढे दिले. "उतर गड्या, मी हाय की वर."

रमजाननं ते वेढे एकेक करून सोडवले आणि टोक गुंडा नावाच्या गाडीवानाच्या हातात दिलं.

"आरं, त्यो शेठचा मानूस," केरबा म्हणाला.

"व्हय. पर त्यो शेठचा हाय हे मला ठावं हाय."

दुपारी तो वर आला, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा आणि धापा टाकत. केरबानं पाण्याचा तांब्या पुढं केला. रमजान त्याला वळसा घालून घरी गेला. मेहरुनबी दारातच उभी होती.

"केरबाभावजींनी धरला हुता न्हवं दोर?"

"न्हाई," रमजान म्हणाला. "त्यो वरच्या वर्गात गेला."

या खेपेला कुणी हसलं नाही. तिनं त्याच्या अंगावर पाणी ओतायला घेतलं.