ओल्या टॉवेलखालचे इंजिन

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, ही कसली गाडी! हिला ना दिवा, ना हॉर्न, ना मागे कुणाला बसायला जागा. खरे आहे. मी एक जुनी डर्ट बाईक आहे. डांबरी रस्त्यासाठी माझा जन्म झालाच नाही. माती, खडी, चढउतार हेच माझे अंगण. सध्या एका गॅरेजच्या दारात जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी उभी असते. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटते, बिचारी गंजून गप्प झाली. तसे नाही. मला लाज वाटते, म्हणून मी गप्प होते. आज मात्र सांगून टाकते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग पिकल्या लिंबासारखा होता. मला घेतले एका सुताराने. आठवडाभर तो फळ्यांना रंधा मारायचा आणि सुट्टीच्या दिवशी मला घेऊन बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत जायचा. तिथे मातीच्या उंचवट्यांवरून शर्यती भरत. आम्ही फार मैदाने मारली असे नाही. एकदा दुसरे आलो आणि एकदा थेट डबक्यात गेलो. पण घरी परतल्यावर तो स्वतःच्या आधी मला आंघोळ घालायचा. आत जाणारी धूळ अडवणारा माझा फोमचा फिल्टर तो साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, तेल लावून पुन्हा बसवायचा. त्याची बायको म्हणायची, "घरातलं एक भांडं कधी असं घासलं नाहीत!"

"आपली गाडी अर्ध्या किकमध्ये उठते," असे तो चारचौघांत सांगायचा. ऐकून मलाही चढायचे. खोटे कशाला बोलू?

पुढे सुताराची कंबर धरली आणि खाणीतल्या उड्या बंद झाल्या. मग त्याचा मेहुणा मला घेऊन जाऊ लागला. एका सुट्टीला या पठ्ठ्याने माझा फिल्टर धुतला, कुंपणावर वाळत घातला आणि तो तिथेच विसरून मला दिवसभर पळवले. सगळी धूळ सरळ पोटात गेली. पॉलिश पेपरने लाकूड घासावे तशी ती मला आतून घासत राहिली. संध्याकाळी सुताराने कुंपणावरचा फिल्टर पाहिला. तो उचलून पुन्हा माझ्यात बसवला. बायकोच्या भावाला काय बोलणार? मेहुणाच वर म्हणाला, "दाजी, तुमची गाडी आता म्हातारी झाली हं."

त्या दिवसापासून मी गार असले की उठेनाशी झाले. किक मारून मारून माणसाच्या तोंडाला फेस यायचा. एकदा कशीबशी सुरू होऊन तापले, की मग पुढच्या वेळी अर्धी किक पुरे व्हायची. इंजिन उघडून आतले काम करायला हवे होते. सुताराला ते पक्के ठाऊक होते. पण उघडायचे म्हणजे आपली गाडी बिघडली हे लोकांपुढे कबूल करायचे. ते काही त्याच्याने होईना. त्याने माझ्यावर ताडपत्री टाकली. माझ्या सीटवर एका मांजरीला पिल्ले झाली. ते दिवस तसे वाईट नव्हते.

मग त्याने मला विकायला काढले. मोबाईलवर माझे जुने, खाणीतले फोटो टाकले. पहिले गिऱ्हाईक आले ते या गॅरेजचे मालक. ते येण्याआधी सुताराने मला उतारावर ढकलून सुरू करून ठेवले होते. गॅरेजवाल्यांनी काही न विचारता इंजिनवर तळहात ठेवला.

"गरम आहे."

"आत्ताच एक चक्कर मारून आलो," सुतार म्हणाला.

"बरं. मग गार झाल्यावर येतो," असे म्हणून ते गेले आणि परत आले नाहीत.

सुताराने यातून धडा घेतला, पण भलताच. पुढचे गिऱ्हाईक यायचे त्या सकाळी त्याने मला पुन्हा तापवले, बंद केले, समोर टेबल फॅन लावला आणि इंजिनवर ओला टॉवेल घातला. टॉवेल चुरचुरला की तो पिळून पुन्हा घालायचा. त्याची आई दारात येऊन बघत राहिली.

"काय रे, ताप आलाय का हिला?"

"तू आत जा गं."

"स्वतःच्या पोरीला ताप आला तेव्हा कधी अशा पट्ट्या ठेवल्या नाहीस."

तेवढ्यात गिऱ्हाईक आले. ती एक तरुण मुलगी होती. एका बुटाची नाडी काळी, दुसऱ्याची पांढरी. टेकडीवर एक उंच मनोरा आहे. जंगलात कुठे धूर दिसला तर लगेच कळवायला तिथे चोवीस तास माणूस बसतो. तिला तिथे सकाळच्या पाळीचे काम मिळाले होते. वर जायला बस नाही, नुसता दगडगोट्यांचा रस्ता. "उन्हाळाभर वेळेवर गेले तर कायम करणार आहेत," हे सांगताना तिचा चेहरा फुलून आला होता.

"काका, मला गाड्यांमधलं काही कळत नाही. पण पहाटे गार इंजिनवर सुरू होते ना, तेवढं सांगा."

सुताराने तिच्याकडे पाहिले नाही. तो माझ्या हँडलकडे पाहत म्हणाला, "तुम्हीच हात लावून बघा ना, ताई."

तिने हात ठेवला. वरून मी गारच होते. मग सुताराने पाय टाकला आणि मी अर्ध्या किकमध्ये उठले.

मित्रांनो, आयुष्यात इतकी चांगली मी कधी सुरू झाले नसेन, आणि इतकी लाजही मला कधी वाटली नाही. मुलीने आनंदाने टाळी वाजवली. माझे पोट आत तापलेले होते आणि तोंडातून मात्र ठणठणीत आवाज निघत होता. माझाच आवाज माझे ऐकेना. दारात म्हातारी तो टॉवेल हातात घेऊन उभी होती. उंबऱ्यावर पाणी ठिबकत होते. ती मुलाकडे पाहत होती आणि तो त्या मुलीला विचारत होता, "चहा घेणार का?"

दुसऱ्या दिवसापासून माझी आणि तिची परीक्षा सुरू झाली. उजाडता उजाडता ती मला बाहेर काढायची. किक, किक, पुन्हा किक. किकचे पेडल उलटे आदळून तिच्या नडगीवर काळेनिळे वळ उठले. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. पण ती स्वतःशीच पुटपुटायची, "मलाच जमत नाहीये. त्या काकांना कसं पटकन जमलं!" एकदा तिने सुताराला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून माझ्या टाकीवर ठेवला.

"काका, काही युक्ती आहे का हो? माझंच काहीतरी चुकतंय."

पलीकडे रंध्याची खरखर थांबली. मग माझ्या ओळखीचा तो आवाज म्हणाला, "चोक नीट ओढा, ताई. सवयीनं जमेल." अर्ध्या किकची बढाई त्या दिवशी काही त्याच्या तोंडून निघाली नाही.

ती उशिरा पोचू लागली. रात्रपाळीचा माणूस तिची वाट पाहत ताटकळायचा. शेवटी वनखात्याचे साहेब स्वतः मनोऱ्यावर आले आणि म्हणाले, "वणवा काही तुझी गाडी सुरू व्हायची वाट बघत थांबणार नाही." जंगलात आग कुठे लागली नाही, हे नशीब. पण उन्हाळा संपायच्या आत तिचे काम गेले.

मग तिने मला विकायचे ठरवले. तिचा भाऊ म्हणाला, "गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेव आणि वरून ओलं फडकं फिरव. सगळे तसंच करतात."

मुलगी माझी टाकी पुसत होती. तिचा हात जागच्या जागी थांबला. तिने माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, ती नजर मी विसरू शकत नाही.

"म्हणजे मला अशी विकली होय!" ती हळूच म्हणाली. मग फडके बाजूला टाकून भावाला म्हणाली, "गारच राहू दे हिला."

गिऱ्हाईक म्हणून आले ते हेच गॅरेजवाले. त्यांनी सवयीने हात ठेवला. "गार आहे."

"आहेच. आणि गार असली की उठत नाही. बघा मारून."

त्यांनी मारल्या. तिनेही मारल्या. घामाघूम झाली, पण मी उठले नाही. लाज वाटली, तरी ती लाज सोसवत होती.

"ही गाडी मी ओळखतो," गॅरेजवाले म्हणाले. "मी बघायला गेलो होतो तेव्हा तापवून ठेवली होती. तेव्हाच काय ते समजलो."

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

ते खाली मान घालून म्हणाले, "मी आपला परत आलो, पोरी."

त्यांनी मला पडेल भावात घेतले नाही, हे सांगायला हवे. तरी तिचे सगळे पैसे काही परत मिळाले नाहीत आणि कामही गेले ते गेलेच. आता त्यांनी माझे इंजिन उघडायला घेतले आहे. तिला निरोप पाठवलाय, नीट झाली की आधी तू चालवून बघ. ती अजून आलेली नाही.

मित्रांनो, जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा वेळ न सांगता जा. सुरू करून, थंड होऊ देऊन, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. आणि आम्हाला विकायला काढाल तेव्हा आमची दुखणी आमच्याच तोंडून कळू द्या. आम्हाला खोटे बोलायला लावू नका. आमच्याजवळ नाही म्हणायला काहीच नसते.

परवा सुतार या रस्त्याने चालला होता. मला ओळखून थबकला. आजूबाजूला कुणी नाही असे पाहून जवळ आला आणि जुन्या सवयीने माझ्या इंजिनवर हात ठेवला. मी कित्येक दिवसांत सुरू झालेली नाही. दगडासारखी गार होते. तरी चटका बसावा तसा त्याने हात मागे घेतला.