गोळ्या वाढल्या

“गुलाबी?” आई पलीकडून ओरडलीच. “सगळे?”

“सगळे. कुणाचा तरी लाल मोजा आधीपासून मशीनमध्ये दडून बसला होता. माझे पाचही पांढरे शर्ट बाटवले त्याने.”

“मग उद्या शाळेत काय घालणार?”

“गुलाबी.”

आई खो-खो हसली. तो शिक्षकांच्या क्वार्टर्सच्या तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनसमोर फोन कानाला लावून उभा होता. गावात गणिताच्या मास्तराची जागा काही निघेना, म्हणून पंचेचाळिशीत समुद्र ओलांडून आला होता. त्याचे इथले घोटाळे हीच आईची रविवारची करमणूक. गेल्या खेपेला तो टॉवेलवर खोलीबाहेर अडकला होता, त्याआधी भलत्याच बसमध्ये बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत गेला होता. तो तिखटमीठ लावून सांगायचा. आई हसली म्हणजे ती ठणठणीत आहे, असा त्याचा हिशेब. गणिताच्या मास्तरांचे हिशेब वर्गाबाहेर चुकतात ते असे.

“बरं, ऐक,” आई म्हणाली, “माझ्या त्या रक्तदाबाच्या गोळ्या वाढल्या रे.”

नेमकं त्याच वेळी मशीन घरघरायला लागलं. त्याने आवाज चढवला. “वाढल्या? मग चांगलंच झालं की!”

“चांगलं झालं?”

“मग! डॉक्टरांनी विचार करूनच केलं असेल ना? आपण आपलं डोकं नाही चालवायचं त्यात.”

“म्हणजे मी आता काही करायला नको?”

“काही नको. त्यांनी ठरवलंय तसं होऊ दे.”

“तू म्हणतोस तर झालं. मी आपला उगाच जिवाला घोर लावून घेतला होता.” तिला एकदम मोकळं वाटल्याचं आवाजावरून कळत होतं, आणि त्यालाही बरं वाटलं. आई डॉक्टरांचं ऐकते आहे म्हणजे निम्मी काळजी मिटली, असं म्हणत त्याने गुलाबी शर्ट पिळले.

पुढच्या रविवारी आई म्हणाली की सकाळी डोकं जड असतं.

“होतं तसं सुरुवातीला. अंगाला सवय होईपर्यंत.”

“हो का? आणि काल हातातून पेला निसटला बघ. आपोआप.”

“मी तर परवा दुधाचं अख्खं पातेलं सांडलं. तुझाच मुलगा.”

दोघं हसले. हसता हसता आई काहीतरी सांगायला गेली आणि मध्येच अडली. “अरे, ती... ती ही... ती समोरची...” बराच वेळ चाचपडून शेवटी म्हणाली, “खिडकी! खिडकी लावून घेते, वारा येतोय.” त्याला ते खटकलं. खटकलं तसं त्याने ते बाजूला सारलं. वय झालं तिचं, सत्तरीनंतर कुणाला शब्द पटकन सापडतात? दूर राहणाऱ्या माणसाचे कान फार समजूतदार असतात, सोयीचं तेवढंच ऐकतात. फोन ठेवल्यावर मात्र त्याला जेवण गेलं नाही. का, ते त्याला सांगता आलं नसतं. तो उगाच दोनदा उठून दाराची कडी बघून आला.

दोन दिवसांनी वर्गात समीकरण लिहिता लिहिता त्याचं फळ्यावरचं पेन फिकं पडलं. त्याने ते झटकलं, पुन्हा टेकवलं, आणि पुटपुटला, “च्यायला, शाई वाढली.”

पहिल्या बाकावरच्या मुलीचे कान तिखट. “सर, आत्ता काय म्हणालात?”

“काही नाही. पेन संपलं म्हणालो.”

“पण तुमच्या भाषेत काय म्हणालात? शब्दाला शब्द सांगा ना.”

त्याने तिच्या भाषेत शब्दाला शब्द सांगितला. शाई जास्त झाली. वर्ग फिस्सकन हसला. “पण ती तर संपलीय, सर! आणि तुम्ही गणित शिकवता!”

त्यालाही गंमत वाटली. तो टेबलाला टेकून रंगात येऊन सांगू लागला. आमच्याकडे ‘संपलं’ म्हणणं अशुभ. डब्यातले तांदूळ संपले की ते वाढले म्हणायचे. हातातली बांगडी फुटली की वाढली. दुकानदार रात्री दुकान बंद करत नाही, वाढवतो. “आणि माझ्या आईचं तर विचारूच नका. मीठ, साबण, अगदी औषधसुद्धा...”

त्याने वळून फळ्यावरच्या फिक्या, अर्धवट समीकरणाकडे पाहिलं.

“औषधसुद्धा काय, सर?”

पेन त्याच्या हातातच राहिलं. तो तसाच बाहेर आला, काचेचं दार मागे लावायचंही राहिलं. गोळ्या वाढल्या. गोळ्या संपल्या होत्या. परत आणू का, एवढंच ती विचारत होती, आणि आपण म्हणालो, चांगलंच झालं. काही करू नको म्हणालो. ती बिचारी धरून बसली, औषधाचा कोर्स पुरा झाला. मुलगा शिकलेला, मुलगा सांगतो म्हणजे बरोबरच असणार!

घरचा फोन वाजत राहिला. त्याने पुन्हा लावला. तिकडे भर दुपार, आई या वेळी घर सोडून कुठे जात नाही. मग त्याने शेजारच्या वहिनींना फोन लावला.

“वहिनी, आईकडे बघता का जरा? आत्ता. तुमच्याकडे किल्ली आहे ना?”

“अहो भावजी, सकाळीच तर गॅलरीत...” त्या थांबल्या. “नाही हो, ते काल. थांबा, फोन चालूच ठेवा.”

त्याला चपलांचा आवाज आला, मग बेल, पुन्हा बेल. “काकू! अहो काकू!” किल्ली कुलपात दोनदा चुकली. नंतर बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, आणि तो वहिनींचा आहे की आईचा, हे त्याला कळेना.

“आहेत,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज बदललेला होता. “आहेत भावजी, खाली बसल्यात, भिंतीला टेकून. शुद्धीवर आहेत. पण तोंड वाकडं झालंय हो. उजवा हात उचलतच नाहीत.” मग फोन तोंडापासून लांब धरून कुणाला तरी ओरडल्या, “अहो, ॲम्ब्युलन्स बोलवा! आणि वरच्या मजल्यावरच्यांना हाक मारा!”

माणसं जमल्याचा आवाज झाला. पाणी द्या, पाणी नका देऊ, बाजूला व्हा, वारा येऊ द्या. त्या गलक्यात वहिनींनी फोन आईच्या कानाशी धरला.

“आई,” तो म्हणाला.

आई बोलली. शब्द एकही नव्हता, जाडजूड, ओले आवाज नुसते. पण ती थांबली नाही, त्याच्या उत्तरासाठी श्वास घ्यायची आणि पुन्हा बोलायची. प्रत्येक वेळी तो “हो आई” म्हणत होता. काचेपलीकडे वर्ग उठून उभा राहिला होता आणि सरांना व्हरांड्यात मान हलवत “हो, हो” म्हणताना बघत होता.

वहिनींनी फोन परत घेतला. त्या रडत होत्या. “सारखं दाराकडे बघून काहीतरी सांगतायत हो. आम्हाला काही कळेना. तुम्हाला कळलं का?”

त्याला काही कळलं नव्हतं. पण आपली आई त्याला ठाऊक होती.

“एवढी माणसं घरात उभी आहेत ना,” तो म्हणाला, “त्यांना बसा म्हणतेय.”

वहिनींनी ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, तसा पलीकडचा गलका थांबला. मग एकेक करून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येऊ लागले.