अक्काचा कान

मार्गशीर्षातल्या सकाळी निलंग्याच्या मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा दवानं ओलावलेल्या असायच्या आणि त्या रेघांच्या टोकाशी गंगासागर अक्का डोळे मिटून उभी असायची. आम्हा पोरींची कबड्डी ती पाहायची नाही, ऐकायची. पायांच्या धपधपीतून, पलीकडच्या एस.टी. स्टँडच्या गलबल्यातूनही चढाई करणारीचा अखंड उच्चार तिच्या कानी पडे आणि श्वास कुठं किंचित उसवला की तिचा तळवा वर जाई. "तुटला गं. माघारी ये." बाई गं, काय कान होता तो!

एकेकाळी ती स्वतः जिल्ह्याची नावाजलेली खेळाडू. गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला; मग उरलेलं तारुण्य तिनं आम्हाला घडवण्यात वेचलं. तिचा एकच दंडक होता. दम तुटला की पंचाच्या शिट्टीची वाट न पाहता आपण होऊन बाहेर यायचं.

नांदेडच्या अंतिम सामन्यातली शेवटची चढाई माझी होती. एकीला शिवून मध्यरेषेकडे झेपावताना छातीत निमिषभर पोकळी पडली. पंचांना कळलं नाही. गुण मिळाला, पोरी नाचू लागल्या, राज्याच्या संघातली जागा मला समोर दिसू लागली आणि मी गप्प राहिले. तोच अक्का लंगडत उठली. "साहेब, पोरीचा दम तुटला."

सामना गेला, माझी निवडही गेली. परतीच्या बसमध्ये मी तिच्याशेजारी बसले नाही. चाकूर आलं तेव्हा मागच्या बाकावरून ती हळूच म्हणाली, "न्हाई तुटला म्हन की गं. माझाच कान चुकला आसंल, तर मी माफी मागते." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. पुढं गावभर झालं, अक्कानंच हातचा सामना घालवला. माझ्या एका शब्दानं ते थांबलं असतं. मी मैदानच सोडलं. कसला करंटा राग होता माझा!

पंधरा वर्षांनी, लातूरला शिक्षिका झाल्यावर, गेल्या माघात तिच्या दारी गेले. अंगणात उन्हाला बसली होती. कान पार गेले होते. तीनदा ओरडून कबुली दिली, तर हसून म्हणाली, "लई वाळलीस गं." मग मी तिचा तळवा माझ्या छातीवर ठेवला आणि म्हणू लागले, कबड्डी, कबड्डी, कबड्डी... शेवटी श्वास उसवला.

"तुटला," ती चटकन म्हणाली. मी मान डोलावली. ती माझ्याकडे बघत राहिली. "नांदेडला बी?"

"हाव, अक्का." ओठांवरून तिला कळलं असावं. डोळे भरले तिचे, पण हात तिनं काढला नाही.

पावसाळ्याआधी ती गेली. आता वर्गात शिकवता शिकवता कधी श्वास अडतो, समोर कुणाला कळतही नाही आणि जीव आसुसतो त्या तळव्यासाठी. पंधरा वर्षं ती माझ्या एका शब्दासाठी कान देऊन बसली होती. आता बोलायला माझ्याजवळ सारं आयुष्य आहे, आणि ऐकायला अक्का नाही.