काट्याचा निकाल

सत्यवतीचे यजमान बुधाजी वारल्यापासून त्यांची फियाट तिच्या दिराच्या, बाळाजीच्या, वाडीतल्या शेडमध्ये उभी होती. दोन वर्षं. तेवढ्या काळात सत्यवती आणि बाळाजी एकमेकांशी धड बोलले असतील तर ते भांडतानाच. बाळाजीला गाडी काशीदच्या एका रिसॉर्टला द्यायची होती. तिथे बॉनेटवर फुलं ठेवून ती पर्यटकांच्या फोटोंसाठी उभी करणार होते.

"टेंपरेचरचा काटा मेलाय हिचा," तो म्हणायचा. "इंजिन तापलंय कधी ते कळत न्हाय. चालवशील कशी? जाळून ठेवशील, वहिनी."

शेवटी सत्यवतीने मुंबईहून त्या काट्याला इंजिनाची उष्णता कळवणारा नवा सेन्सर मागवला. बाळाजी चौलभर विहिरींवर पंप बसवायचा, हात चालणारा माणूस. ती रागानेच म्हणाली, "बसव तूच. काटा हलला न्हाय तर ने तुझ्या काशीदला."

बाळाजीने तो सकाळीच बसवला. इंजिन वीस मिनिटं चाललं. काटा होता तिथेच.

"झालं समाधान?" त्याने रिसॉर्टच्या जीवनला फोन लावला. "चार वाजता टेंपो आण."

सत्यवतीने रेडिएटरच्या पाइपाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. पाइप चांगलाच तापला होता. तिने वाकून पाहिलं. सेन्सरच्या कडेने पांढरी टेप डोकावत होती.

तिला कार्लेखिंडीतली दुपार आठवली. बुधाजी असाच सेन्सर बदलत होते आणि ती पदरात नटबोल्टचे पाने धरून उभी होती. पाणी झिरपू नये म्हणून आट्यांवर गुंडाळायला तिने सुतळी पुढे केली, तर ते हसले होते. "आट्यांना काही गुंडाळायचं न्हाय गं. सेन्सरचं अंग इंजिनाच्या लोखंडाला लागलं, तरच अर्थिंग मिळतं. न्हायतर काटा झोपून राहतो."

"टेप का गुंडाळलीस?" तिने बाळाजीला विचारलं.

"आटे दिसले की मी टेप लावतोच. तीस वर्षं लावतोय."

"गाडीला पंप समजलास?"

"तू मला शिकवणार? भांडी घासता घासता मेकॅनिक झालीस काय?"

ती पायरीवर बसली. इंजिन गार व्हायला दोन तास लागले. मग तिने पाना घेतला. सेन्सर निघताच इंजिनातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. भोकावर अंगठा दाबून तिने दातांनी टेप सोलली आणि सेन्सर पुन्हा घट्ट आवळला. सांडलेलं पाणी वरून भरलं.

बाळाजी बघत राहिला, पण पुढे आला नाही.

टेंपो दारात आला तेव्हा इंजिन चालू होतं. जीवन दोर घेऊन उतरला. काटा हलला. अडखळत, म्हाताऱ्या माणसासारखा उठला आणि मधोमध येऊन थांबला.

जीवनने बाळाजीकडे पाहिलं आणि तो दोर गुंडाळायला लागला.

"ठेव तुझी गाडी," बाळाजी ओरडला. "पण माझ्या शेडमध्ये न्हाय! आत्ताच्या आत्ता काढ!"

सत्यवतीने ओल्या टेपचा गोळा त्याच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवला. "पंपाला लाव."

मग ती गाडीत बसली, चष्मा नीट केला आणि दार आपटलं. वाटेत टेंपो आडवा होता. तिने हॉर्नवर हात ठेवला तो जीवनने टेंपो मागे घेईपर्यंत उचललाच नाही. बाळाजी फाटकापाशी उभा होता. त्याच्या अगदी जवळून गाडी गेली, पण तिची नजर काट्यावर होती.