चौदा नंबरची चादर

रक्ताचा डाग थंड पाण्याने निघतो. गरम पाणी पडलं की तो कापडाचाच होऊन जातो.

"शेवटची लघवीला कधी गेली होती? बाई, तुम्हाला विचारतोय."

प्रश्न १७ : पाल्यास झोपेसंबंधी काही तक्रार आहे का? झोपेत चालणे, दचकून उठणे, अंथरूण ओले होणे, इतर. असल्यास लिहावे. माहिती गुप्त ठेवली जाईल.

मामाच्या मुलीने तिचं नाव 'धरण' ठेवलं होतं. वाढदिवसाला, सगळ्या पोरींसमोर. "लांब झोपा गं, रात्री धरण फुटतं."

कडक उन्हात लहान रोपट्याला दिवसाला एक बाटली पाणी पुरतं.

शिट्टी दोनदा वाजली की निघायचं, तीनदा वाजली की असाल तिथे बसायचं.

हे सगळे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत. जोडून सांगते.

मी धुलाईच्या कारखान्यात कामाला आहे. हॉटेलांचं, दवाखान्यांचं, वसतिगृहांचं कापड पोत्यांतून येतं. ते लांबलचक टेबलावर ओतायचं आणि डाग बघून ढीग लावायचे, हे माझं काम. तेल इकडे, रक्त तिकडे, ओकारी बादलीत. अठरा वर्षं झाली. आता डोळ्यांपेक्षा नाकालाच जास्त कळतं. नवरा तिथलीच गाडी चालवतो. कापड आणतो, कापड पोचवतो.

मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. बारीक आहे म्हणून, आणि एकदा काही उचललं की खाली ठेवत नाही म्हणून. मुंगी दहा वर्षांची होती आणि झोपेत अंथरूण ओलं करायची. आठवड्यातून चारदा, पाचदा. घरात ही काही मोठी गोष्ट नव्हती. डाग आमचा धंदाच. सकाळी चादर काढायची, दुसरी घालायची, विषय संपला. पण बाहेर ती कुठेच राहायला गेली नव्हती. मामाकडे एकदाच गेली, आणि धरण होऊन परत आली.

उन्हाळी शिबिराचं काम आमच्याकडे आलं त्या वर्षी त्यांनी मालकाला मुलांसाठी एक जागा दिली. मालकाची मुलं मोठी. त्याने ती जागा आमच्या मुंगीला दिली. बारा दिवस. डोंगर, तंबू, दोरावरून चढणं. मुंगीने माहितीपत्रक इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं.

"आई, पण कळलं तर?"

"कोणाला कळणार? ऐक. चादर पोत्यात. पोतं बाबांच्या गाडीत. गाडी माझ्या टेबलाशी. मध्ये तिसरा माणूस कुठे आहे?"

असं कुणाला सुचलं असतं? आम्हालाच सुचलं. प्रत्येक खाटेला एक नंबर आणि त्या नंबरच्या तीन चादरी, कोपऱ्यात आमच्याच शाईने नंबर घातलेल्या. जादा चादरी व्हरांड्यातल्या कपाटात आणि मळक्या कपड्यांचं पोतं कपाटाच्या शेजारी. मला ती जागा पाठ होती, कारण पोती कुठे ठेवायची हे मीच त्यांना सांगितलं होतं. मुंगीला मी घरी सराव दिला. सगळ्यांच्या आधी उठायचं. ओली चादर आतल्या बाजूला गुंडाळायची. गादीवर मेणकापड आहेच, ते पुसायचं. कोरडी चादर घालायची. चार मिनिटं. नवरा घड्याळ लावून बसायचा.

"तीन मिनिटं वीस सेकंद! ही पुढे आमच्या कारखान्याची मॅनेजर होणार."

अर्ज मी भरला. सतराव्या प्रश्नाशी पेन थांबलं.

"लिहून टाक की," नवरा म्हणाला. "गुप्त ठेवणार म्हणतायत."

"गुप्त म्हणजे फक्त पंधरा जणांना सांगणार."

"अगं, पण..."

"झाकली मूठ सव्वा लाखाची."

यावर तो कधीच काही बोलत नाही, कारण म्हण त्याच्या आईची आहे. मी लिहिलं : नाही.

पहिला दिवस. चौदा नंबर, मुंगीच्या खाटेची. ओली.

दुसरा दिवस. चौदा, ओली. नीट गुंडाळलेली, मी शिकवली तशी.

तिसरा दिवस. चौदा, ओली. सोबत पायजमा.

तीन, बावीस आणि एकतीस नंबरच्याही ओल्या यायच्या अधूनमधून. ती कोणाची तरी पोरं. मी त्या चादरी ढिगावर टाकायचे आणि चौदा शोधायचे. चौदा मी दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू दिली नाही. आधी स्वतः विसळायचे, मग मशीनमध्ये.

तिसऱ्या संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर फोटो आला. मुंगी एका दगडावर उभी, छातीवर पिवळा बिल्ला. खाली शिबिरातल्या ताईंचा मजकूर : 'आजची स्वच्छतादूत! चौदा नंबर खाट. स्वतःहून रोज चादर बदलणारी आमची एकमेव शिबिरार्थी. सगळ्यांनी तिच्याकडून शिकावे.' सदतीस पालकांनी टाळ्या पाठवल्या. मीही पाठवल्या. मुंगीचे ओठ घट्ट मिटलेले होते. मला वाटलं, दात पडलाय तो लपवतेय.

"बघा, पकडली तरी बक्षीस!" मी म्हटलं.

नवरा पोट धरून हसला.

चौथा दिवस. चौदा नाही.

मी पोतं उलटं करून झटकलं. नाही.

पाचवा दिवस. नाही.

सहावा दिवस. सगळ्यांच्याच चादरी बदलायच्या होत्या, म्हणून चौदा आली. कोरडी. मी ती नाकाला लावली. साबण, ऊन, थोडी माती. बाकी काही नाही. मी अठरा वर्षं चादरी वाचते. या चादरीत काही लिहिलेलं नव्हतं.

मी टेबलाखाली बसून रडले. शेजारची इस्त्रीवाली म्हणाली, "काय गं, कुणाचं काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, देव पावला."

त्या दुपारी नवरा गाडीतून उतरला तो हसतच. त्याला शिबिराच्या फाटकाच्या आत सोडत नाहीत. मुलांना बारा दिवस भेटायचं नाही हा नियम, आणि गाडीवाला झाला तरी बापच. पोती फाटकावर द्यायची, फाटकावर घ्यायची. पण फाटकाच्या जाळीतून मैदान दिसतं.

"तुझी लेक दिसली आज. काय करत होती सांग?"

"काय?"

"झाडाला पाणी घालत होती. नवीन रोपं लावलीयेत ना त्यांनी, त्यातल्या एकाला. अख्खी बाटली रिकामी केली. स्वतःची! आपल्या घरी कुंडीला कधी पाणी घातलं होतं का हिने?"

"शिबिराने सुधारली."

"वाळलीय थोडी. उन्हाने."

"बाहेरची हवा आहे. ताठ होऊन येईल."

मी हे वाक्य बोलले. ताठ होऊन येईल. मला शब्द न् शब्द आठवतो, कारण ते बोलताना मी हॉटेलच्या नॅपकिनांच्या घड्या मोजत होते आणि आकडा चुकला नव्हता.

सातवा दिवस. नाही.

आठव्या दिवशी सकाळी अकराला शिबिराच्या सरांचा फोन आला. डोंगर चढताना दोनदा शिट्टी वाजली, सगळी मुलं निघाली, तुमची मुलगी मात्र खाली बसली ती उठेना. काही वेडंवाकडं बोलत होती. घाबरायचं कारण नाही, दवाखान्यात आणलंय, तुम्ही या.

नवऱ्याने पोती न उतरवताच गाडी वळवली. मी पुढे बसले. मागे चाळीस खाटांचं कापड. एका सिग्नलला तो म्हणाला, "ऊन लागलं असेल." मी म्हटलं, "हो, ऊनच." आपल्याला हवी ती बातमी माणूस स्वतःच तयार करतो.

दवाखान्यात दोन खाटा होत्या. एकीवर शिबिरातलीच एक मुलगी, पाय मुरगळलेली, बिस्किट खात. दुसरीवर मुंगी. हाताला सलाईन. ओठांना भेगा. डोळे खोल गेलेले. मी वाकले. तिने आधी पलीकडच्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्या कानाशी तोंड आणलं.

"ओली चादर आली नाही ना?"

"नाही आली."

"पाच दिवस." सलाईन नसलेल्या हाताची पाचही बोटं तिने उघडली. "मी पाणीच बंद केलं. आधी फक्त संध्याकाळचं. मग सकाळचं पण. सोप्पं असतं आई. फक्त जेवताना गिळायला त्रास होतो."

"का गं?"

"बिल्ला मिळाल्यावर सगळ्या विचारायला लागल्या ना. रोज का बदलतेस, रोज का बदलतेस. एक तर पहाटे जागीच राहायची, बघायला. मग तुझं ते चार मिनिटांचं कसं करणार?"

तुझं ते. ती मला दोष देत नव्हती. एक कामगार दुसऱ्या कामगाराला सांगतो तसं सांगत होती, की यंत्र बंद पडलं, म्हणून मी दुसरी सोय केली. आणि शाबासकीची वाट बघत होती.

डॉक्टर आले. तरुण होते, घाईत होते, पण वाईट नव्हते. सोबत सर आणि त्या बिल्लावाल्या ताई.

"ऊन लागलंय हे खरं, पण एका दिवसात एवढं होत नाही. ही कित्येक दिवस नीट पाणी प्यायलेली दिसत नाही. मूत्रपिंडाच्या तपासण्या लावतोय. शेवटची लघवीला कधी गेली होती? बाई, तुम्हाला विचारतोय."

"मी तिथे नव्हते."

"पाणी टाळायचं काही कारण? हिला लघवीची काही तक्रार आहे? झोपेत वगैरे?"

पलीकडच्या खाटेवर बिस्किटाचा आवाज थांबला. मुंगीने माझ्याकडे पाहिलं. फक्त डोळे, बाकी काही हललं नाही. त्या डोळ्यांत विनवणी नव्हती. खात्री होती.

"नाही," मी म्हटलं.

"अर्जावरही नाही असंच आहे," सर म्हणाले.

"मग जळजळ, दुखणं? कारण तसं काही असेल तर मला वेगळी औषधं..."

"हो," नवरा म्हणाला.

"अहो."

"होते. झोपेत. लहानपणापासून. अर्जात आम्ही लिहिलं नाही. चादर लपवायला आम्हीच शिकवलं. आणि चादर येईना तेव्हा आम्हाला वाटलं, बरी झाली."

त्याचा आवाज मोठा आहे. गाडीवाल्यांचा असतोच. मुंगीने डोळे मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. सलाईनची नळी ताणली गेली, तर नर्सने येऊन तिचा हात सरळ केला. मान तशीच राहिली.

ताईंनी तोंडावर हात ठेवला. "अहो, एवढंच? आमच्याकडे चार मुलं आहेत तशी. दर वर्षी असतात. आम्ही त्यांना मध्येच एकदा उठवून नेतो, बाकी कुणाला कळतसुद्धा नाही. एखाद्या दिवशी चुकलं तर आम्हीच चादर टाकतो पोत्यात." आणि मग हळूच, "मला माहीत असतं तर मी तो बिल्ला..."

तीन. बावीस. एकतीस. चौथा नंबर मला आठवेना.

"तुम्ही लिहायला हवं होतं," सर म्हणाले. त्यांना ते म्हणायचा हक्क होता, आणि त्यांनी तो हक्क तीनदा बजावला.

तपासण्या चांगल्या आल्या. चार दिवसांनी घरी सोडलं. शिबिराने प्रमाणपत्र घरपोच पाठवलं, बिल्ल्याचा उल्लेख करून. नवऱ्याने ते फाडलं. तुकडे गोळा करून मी कचऱ्यात टाकले. आपलेच दात, आपलेच ओठ. भांडायचं तरी कुणाशी?

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आता मुंगीला पाणी मोजून प्यायला लावायचं असतं. ती पिते. सांगितलं तेवढंच, एक घोट जास्त नाही. पुढच्या वर्षी शिबिराचं काम दुसऱ्या कारखान्याला गेलं. अंथरूण ओलं व्हायचंही कधीतरी थांबलं. नक्की कधी, ते मला माहीत नाही. चादर ती स्वतः धुते आणि स्वतः वाळत घालते.

बाबांशी ती बोलत नाही. आता चौदा वर्षांची आहे. समोर ताट ठेवते, दार उघडते, हाक मारली की येते. बोलत नाही. तो अजून तिच्या जवळ जाऊन काहीबाही विनोद करतो आणि स्वतःच हसतो. एकदा मला म्हणाला, "मी खोटं बोललो असतो तर तिला औषध चुकीचं मिळालं असतं गं." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "मग?" मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

माझ्याशी ती बोलते. शाळेतून आली की सगळं सांगते. कोणती गोष्ट कुणापासून लपवायची, काय सांगून लपवायची, हे मला विचारते. तिला वाटतं, या घरात तिच्या बाजूची मीच एकटी आहे.

शिबिराला निघाली त्या सकाळी, बसमध्ये चढायच्या आधी, तिने माझ्या हातातली बाटली मागून घेतली होती आणि एका दमात संपवली होती.