श्रीखंडाचा डबा

पिवळ्या कुर्त्याचा खांदा ट्यूबलाइटखाली ताणून धरून अवधूत जोगळेकर बराच वेळ त्या डागाकडे बघत होते. बिबवेवाडीतल्या आपल्या लाँड्रीत त्यांचं अर्धं आयुष्य डागांत गेलं होतं. पानाचा, आमटीचा, मेंदीचा, बाळाने ओकलेल्या दुधाचा, कुठलाही डाग ते नुसता बघून सांगायचे, आणि सांगताना असं तोंड करायचे की गिऱ्हाईक शरमून दोन पावलं मागे सरकायचं. हा डाग मात्र ओळखू येईना. मध्ये खडूसारखा पांढरा, कडेने तपकिरी. कबुतराचा म्हणावा तर तसाही नाही. शेवटी त्यांनी नाक जवळ नेलं आणि तेवढ्याच घाईने लांब घेतलं.

"हे काय आहे, कळेल का?"

"बबनची शी आहे जी, भाऊ," काउंटरपलीकडची बाई म्हणाली. "खांद्यावर घेतलं की करून देते तो. निघून जाईन ना?"

 पोराची शी, आणि आपण तिचा वास घेतला. जोगळेकरांनी कुर्ता दोन बोटांनी टोपलीत सोडला, साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मग पावतीसाठी नाव विचारलं. सत्यशीला वानखडे. गाव वरूड, तिकडे अमरावतीकडचं. पलीकडच्या गल्लीतल्या जनावरांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनला होती.

जोगळेकरांचं नाव अवधूत ठेवणाऱ्या आईवडिलांची कमालच म्हणायची. अवधूत म्हणजे ज्याला घाण काय नि स्वच्छ काय, सगळं सारखंच. आणि हे आमचे अवधूतराव! दुधाची पिशवी साबणाने धुऊन मग फ्रीजमध्ये ठेवणार, बसमधला दांडा रुमालाने धरणार, बाहेर चहा प्यायचे तर कप डाव्या हातात घेणार, का तर उजव्या बाजूला सगळ्या गावाचे ओठ लागलेले असतात. लग्न राहिलं तेही याच पायी. कोथरूडची थोरली बहीण, ललिताताई, स्थळं आणून आणून थकली. एक मुलगी नखं कुरतडत होती. एकीने पोह्यांतला केस बोटाने बाजूला काढला आणि पोहे खाल्ले. एक सगळ्या बाजूंनी बरी होती, पण तिच्या वडिलांनी ढेकर दिला. तुला बायको नको, फिनेलची बाटली हवी, असं म्हणून ललिताताईने हात टेकले. जोगळेकरांना त्यात विनोद दिसला नाही. दिवसभर लोकांच्या कॉलरी आणि काखा बघून त्यांचं माणसांबद्दल एक मत झालं होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं.

ही वानखडेबाई मात्र डोक्यात बसली. त्यांनी कितीही वाकडं तोंड केलं तरी ती शरमायची नाही. डाग गेला का, कसा गेला, काय लावलं, सगळं विचारत बसायची. आणि मग बबनची हकिकत. बबन काल जेवला नाही. बबनला थंडी सोसत नाही. बबनला त्याच्या लोकांनी आठ दिवस सांभाळा म्हणून दवाखान्यात ठेवलं, ते परदेशी निघून गेले आणि पुन्हा साधा फोनही केला नाही, म्हणून हिने घरी आणलं.

हे ऐकून जोगळेकरांना रात्रीचं जेवण गेलं नाही. पोटचं पोर जनावरांच्या दवाखान्यात टाकून जातात? काय ही माणसं! आणि ही बाई, घटस्फोट होऊन बरीच वर्षं झालेली, पगार बेताचा, परक्याचं पोर उरावर घेते. त्यांच्या दुकानात मागच्या फळीवर लोकांनी कधीच न नेलेले कपडे होते. लोक विसरले, पण जोगळेकर दर दिवाळीला त्यांना ऊन दाखवून पुन्हा घडी घालून ठेवायचे. टाकून दिलेलं सांभाळणारी दुसरी व्यक्ती त्यांना आजवर भेटलेली नव्हती. त्यात एक दिवस तिच्या बोलण्यातून 'भाऊ' गळून पडलं. जोगळेकरांच्या ते बरोब्बर लक्षात आलं, आणि त्यांनी त्या दिवशी कुर्त्याच्या इस्त्रीचे पैसे लावले नाहीत.

तिने रविवारी चहाला बोलावलं तेव्हा त्यांनी मनाची तयारी केली. मूल म्हटलं की शेंबूड आला, लाळ आली, चिकट हात आले. सोसू. पांढरी स्वच्छ पँट घालून, रंगीत खडूंची पेटी घेऊन ते तिच्या दोन खोल्यांच्या घरी गेले आणि बसल्या बसल्या विचारलं, बबन कुठे आहे?

ती आतून बबनला तळहातावर घेऊन आली.

पाल होती. पिवळी, अंगभर काळे ठिपके, शेपूट गाजराएवढी जाड. मनात शंकेची पाल चुकचुकते एवढं जोगळेकरांना ठाऊक होतं. ही तर समोर बसून डोळे मिचकावत होती. त्यांच्या घरी पाल दिसली की झाडू निघायचा. ती उत्साहाने सांगत होती की हा परदेशातला प्रकार आहे, भिंतीवर चढत नाही, उलट स्वभावाने फार गरीब. मग तिचं लक्ष खडूंच्या पेटीकडे गेलं. आणि ती जी हसत सुटली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जोगळेकरांना राग आला होता. उठून जावंसंही वाटत होतं. पण ती हसताना इतकी छान दिसत होती, की ते बसून राहिले.

पुऱ्या तळून झाल्या होत्या. फ्रीजमधून तेवढा श्रीखंडाचा डबा काढता का, असं तिने स्वयंपाकघरातून विचारलं. जोगळेकरांना जरा बरं वाटलं. बाहेरच्या खाण्यात सील फोडून खायचं श्रीखंड तेवढं त्यांच्या विश्वासातलं. फ्रीजमध्ये डबे दोन होते. त्यांनी पुढचा घेतला, आणि सील आधीच फोडलेलं आहे हे लक्षात येईपर्यंत झाकण उघडलंही होतं. आत गव्हाचा कोंडा होता, आणि तो हलत होता. पिवळ्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या एकमेकींवर चढत होत्या.

डबा हातातून सुटला. कोंडा पँटवर, अळ्या पायांवर, एक मोज्याच्या आत. त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो आपलाच आहे हे त्यांना उशिरा कळलं. सत्यशीला धावत आली, हसू दाबत खाली बसली आणि एकेक अळी बोटांनी उचलून डब्यात टाकू लागली. बबनचं जेवण होतं म्हणे ते. हेही एक वेळ चाललं असतं. पण अळ्या उचलून झाल्यावर तिने त्याच बोटांनी पुऱ्यांचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"शी," जोगळेकर म्हणाले. "काय घाणेरडी बाई आहात हो तुम्ही."

तिचं हसू मावळलं. तिने ताट उचलून ओट्यावर ठेवलं.

"निघा तुम्ही, भाऊ," ती म्हणाली.

पँट त्यांनी उकळत्या पाण्यातून काढली. डाग नव्हताच, तरी काढली. अंगावरून काहीतरी चालतंय असं पुढे कितीतरी दिवस वाटायचं, पण त्याहून वाईट म्हणजे ते 'भाऊ' कानातून जाईना. ती लाँड्रीत यायची बंद झाली. समोरच्या फुटपाथवरून जायची, इकडे न बघता. आपण माती खाल्ली हे जोगळेकरांना कळत होतं. माफी मागायला जावं, तर त्या घरातल्या अळ्या आठवायच्या आणि ते पुन्हा इस्त्री हातात घ्यायचे.

आणि एके सकाळी तीच दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. हातात काचेची पेटी, पेटीत बबन, वर श्रीखंडाचा डबा. तिकडे गावी तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. दवाखान्याचे डॉक्टर गावाला गेलेले, शेजारी पालीचं नाव काढलं की दार लावून घेणारे. रिक्षा खोळंबली होती.

"आठ दिवस ठेवता का? दुसरं कोणी नाही ना जी मले इथं."

आम्ही फक्त कपडे घेतो, असं जोगळेकरांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि ओढणी उलटी घेतली होती. त्यांनी पेटी घेतली. सवयीने हात खणात गेला आणि त्यांनी कपड्यांना बांधतात तशी नंबराची चिंधी पेटीच्या कडीला बांधली. आठ दिवस म्हणजे आठच ना, हे विचारेपर्यंत रिक्षा वळली होती.

त्या दिवसांत जोगळेकरांनी जे सोसलं ते त्यांनाच माहीत. नाकाला रुमाल बांधून, मान फिरवून ते चिमट्याने अळी पुढे करायचे. ती चावल्याचा बारीक आवाज यायचा तेव्हा दात आवळून धरायचे. एका दुपारी बबनने कात टाकली. इथवर ठीक. पण नंतर त्याने ती तोंडाने ओढून काढून चवीने खाल्ली, आणि जोगळेकरांनी आपला जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेला. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागली. बबन घाण करायचा ती रोज एकाच कोपऱ्यात. पेटीचा बाकीचा भाग लख्ख. जोगळेकरांच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना एवढी शिस्त नव्हती. थंडी होती, म्हणून त्यांनी पेटी इस्त्रीच्या टेबलाजवळ उबेला सरकवली. संध्याकाळी बबन उठून काचेपाशी यायचा आणि त्यांच्याकडे टक लावून बसायचा. तेही अधूनमधून बघायचे.

आठ दिवस झाले. मग आणखी झाले. फोन लागायचा, कोणी उचलायचं नाही. अळ्या संपत आल्या तेव्हा नाकाला रुमाल लावून जोगळेकर दुकान शोधत गेले आणि अळ्या विकत घेऊन आले. अळ्या, विकत! मागच्या फळीवरच्या त्या कपड्यांकडे आता त्यांना बघवेना. त्यांचे मालकही आठ दिवसांत येतो म्हणूनच गेले होते. ती परत येणार नाही, आणि आलीच तर बबनला उचलून 'भाऊ' म्हणून निघून जाईल. दोन्हींतलं वाईट कोणतं, हे त्यांना ठरवता येईना.

त्यातच ते घडलं. पेटी पुसायची म्हणून त्यांनी बबनला टॉवेलात गुंडाळून टेबलावर ठेवलं आणि जागा करायला वाफेची इस्त्री उचलली. तिने फुस्स केलं. बबन एकीकडे पळाला आणि शेपूट तिथेच राहिली. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर ती नुसती शेपूट उड्या मारत होती, वळत होती, थांबेचना. इतकी किळस जोगळेकरांना जन्मात आली नव्हती. मोरीपाशी जाऊन ते ओकले. परत आले तेव्हा बबन टेबलाच्या कडेला अंग चोरून बसला होता, मागच्या बाजूला एक लाल ठिपका, पोट भराभर हलत होतं. जोगळेकरांनी टॉवेल शोधला नाही, चिमटा शोधला नाही. उघडा हात पुढे केला आणि त्याला तळव्यावर घेतलं. अंग गार आणि मऊ होतं. या दुकानात आजवर कोणाचा कपडा जळला नव्हता की हरवला नव्हता, आणि तिने विश्वासाने ठेवलेला जीव त्यांच्या हातून तुटला होता. त्यांना रडू आलं.

ती आली ती शेपटीच्या जागी छोटंसं बोंड दिसू लागल्यावर. खांद्याला पिशवी, चेहरा उतरलेला, भांगाजवळ पांढरे केस दिसू लागलेले. जोगळेकर उभे राहिले. ती काही विचारायच्या आत त्यांनी सांगून टाकलं.

"बबनची शेपूट गेली. माझ्या हातून."

ती पेटीवर वाकली. 

"येते जी ती परत," ती म्हणाली. "पहिल्यासारखी नाही येत. आखूड येते, बोथट. पण येते."

वडिलांचं त्यांनी विचारलं. ते गेले होते. नंतर कोणाशी बोलावंसंच वाटलं नाही, फोन वाजला तरी उचलवत नव्हता, असं तिने सांगितलं. सांगता सांगता तिने श्रीखंडाचा डबा उघडला, कोंड्यात बोटं घालून अळी काढली आणि बबनपुढे धरली. बबनने खाल्ली. मग दुसरी. मग तिने पिशवीतून संत्री काढून काउंटरवर ठेवली. घरामागे बाबांनी लावलेलं एकच झाड होतं, ते आजारी पडले तेव्हा फळं हिरवी होती. स्टुलावर बसून, बाबा रोज सकाळी झाडाशी कसे बोलायचे ते सांगत ती एक संत्रं सोलू लागली. साल काढली, शिरा काढल्या, एक फोड त्यांच्यापुढे केली.

जोगळेकरांनी बोटांकडे पाहिलं. नखाला कोंडा लागलेला होता. तिचंही लक्ष गेलं आणि हात जागच्या जागी थांबला.

"थांबा, हात धुते मी," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"राहू द्या," जोगळेकर म्हणाले, आणि त्यांनी वाकून तिच्या हातातूनच ती फोड खाल्ली.

संत्रं आंबट होतं. बिया तळहातावर काढून ते तसेच उभे राहिले. तिने दुसरी फोड सोलायला घेतली.