दाजींचं मत

फ्रेंच व्यापारी ओनेझिम तेसिए बीव्हरची कातडी विकत घेऊ लागला, तेव्हापासून त्याचा मेहुणा नेगानी त्याची टर उडवत आला होता. नेगानीच्या ओजिब्वे या अमेरिकेतल्या आदिवासी लोकांत मेहुण्यांनी एकमेकांची थट्टा करायचीच असते. ती थांबली तर नातं तुटलं असं समजायचं.

त्या शरदात ओनेझिम आमदार होऊन नव्या राज्याच्या राजधानीला निघाला. नेगानी होडीपाशी आला.

"दाजी, कॉलर फार ताठ झालीय. मान वळते ना? घुशीचं कातडं बीव्हरचं म्हणून घेणारा माणूस आता कायदे करणार."

मग हसू आवरून त्याने तंबाखूची पुडी पुढे केली. तलावाकाठच्या ओजिब्वेंना नदीपलीकडे हलवावं असा ठराव सभागृहात येणार होता. ओनेझिमने त्याच्या विरुद्ध मत द्यावं, एवढंच मागणं होतं. तंबाखू घेतली की मागणं मान्य, हे ओनेझिमला तीस वर्षांत पक्कं ठाऊक होतं. नाही म्हणायचं धैर्य नसल्याने त्याने ती घेतली.

राजधानीत लाकडाच्या गिरण्यांच्या मालकांनी त्याला जेवायला बोलावलं. बायको कुठली, लग्नाचा कागद आहे का, असं एकाने मांस कापता कापता विचारलं. पुढच्या निवडणुकीत हे गावोगाव विचारतील, असंही तो म्हणाला. मतदानाला नाव पुकारलं तेव्हा ओनेझिम उठला, खाकरला आणि ठरावाच्या बाजूने मत देऊन खाली बसला.

बर्फ वितळल्यावर तो घरी परतला. ठराव मंजूर झाल्याची आणि त्याच्या मताची बातमी आधीच पोचली होती. काठावर नेगानी उभा होता.

"प्रवास बरा झाला ना, साहेब? दमला असाल."

"काहीतरी बोल रे मला," ओनेझिम म्हणाला. "कॉलरवरून तरी बोल."

"चांगली आहे कॉलर," नेगानी म्हणाला आणि वाट सोडून बाजूला झाला.

ओनेझिमची बायको, नेगानीची बहीण निबिनिक्वे, निघायच्या तयारीने झोपडीवरच्या बर्च झाडाच्या साली उतरवून गुंडाळत होती. हलवायला येणाऱ्या सैनिकांना अजून अवकाश आहे, आमदाराच्या बायकोला कुणी हात लावणार नाही, असं तो सांगत राहिला.

"तिथे मला बायको म्हणालास?" तिने विचारलं.



तिने दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. त्याने ते ओढून धरलं. तिने गाठ मारली आणि पुढची गुंडाळी घेतली.